बुजरं मांजर, शेल्टर आणि पहिला महिना: कशाला पैसे मोजावेत, कशाला नाही

शेल्टरच्या पिंजऱ्यात एखादं मांजर लिटरच्या (शी-शूसाठी पसरलेल्या मातीसारख्या भरावाच्या) ट्रेमध्येच बसलेलं दिसलं, तर ते घाणेरडं आहे असं समजू नका. पिंजऱ्यात लपायला दुसरी जागा नाही, म्हणून ते तिथे बसलंय. मांजराबद्दल यातून फार कळत नाही, शेल्टरबद्दल मात्र बरंच कळतं. बुजरं मांजर दत्तक घेणाऱ्याने आधी शेल्टर पारखायचं असतं. शेल्टरकडून मिळणारी खरी सेवा म्हणजे त्या मांजराबद्दलची माहिती. ती नीट मिळाली तर पुढचा महिना सोपा जातो. नाही मिळाली तर दोन हजारांचं कॅट ट्री आणूनही मांजर फ्रिजच्या मागेच राहतं.

हे परीक्षण मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. आधी शेल्टरची सेवा, मग सामान.

शेल्टर: 'शांत आहे' या शब्दाची किंमत

दत्तक देणाऱ्यांच्या बोलण्यातला सगळ्यात फसवा शब्द 'शांत'. अंग आकसून, पंजे पोटाखाली घट्ट दाबून, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून एका जागी बसलेलं मांजर शांत नसतं, ते घाबरून गोठलेलं असतं. केसलर आणि टर्नर यांनी 1997 मध्ये मांजरांचा ताण मोजायची सात पायऱ्यांची पट्टी मांडली. तिच्या वरच्या पायऱ्यांवरची मांजरं लोकांना वाटतं तशी आरडाओरडा करतातच असं नाही. बरीचशी नुसती सपाट होऊन पडलेली असतात. खऱ्या शांत मांजराचं पोट जमिनीला टेकलेलं पण सैल असतं, ते कुशीवर कलंडतं, डोळे अर्धवट मिटतं, शेपूट अंगापासून मोकळी ठेवतं.

म्हणून दत्तक मेळाव्यात मांजर निवडू नये, हे आमचं स्पष्ट मत. हॉलमध्ये स्पीकर, कुत्री, मुलं, शंभर अनोळखी हात. तिथे बुजरं मांजर गोठतं आणि 'किती गरीब आहे बघा' म्हणून पटकन खपतं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ते जागं होतं आणि घेणाऱ्याला वाटतं आपल्याला फसवलं. मेळाव्यात फक्त ओळख करून घ्या, मांजर बघायला शेल्टरवर किंवा फॉस्टरच्या, म्हणजे ते तात्पुरतं सांभाळणाऱ्याच्या, घरी जा.

चांगल्या शेल्टरमध्ये प्रत्येक पिंजऱ्यात निदान एक पुठ्ठ्याचा खोका दिसायला हवा. नेदरलँड्समध्ये शेल्टरच्या 19 मांजरांवर 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोका मिळालेली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच सावरलेली दिसली, बिनखोक्याच्या मांजरांना त्याहून जास्त दिवस लागले. खोका किराणा दुकानात फुकट मिळतो. तोही नसेल तर अडचण पैशाची नाही, लक्ष देण्याची आहे.

तिथल्या माणसाला विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके. रात्री माणसं गेल्यावर मांजर काय करतं? जेवण कुणी बघत असताना खातं की एकटं असताना? पकडायचं झालं तर फुत्कारतं, पंजा मारतं, की दबून बसतं? कुणाच्या हातून खातं का, असेल तर कोणाच्या? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं. रात्री रिकाम्या खोलीत ते फिरत असेल, खेळत असेल, दुसऱ्या मांजराला अंग घासत असेल, तर ते बहुधा बुजरं आहे आणि माणसाळू शकतं. जुना मोबाइल पिंजऱ्यासमोर ठेवून रात्रीचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढून द्या, अशी विनंती करायला हरकत नाही. काही ठिकाणी आनंदाने देतात. तशा ठिकाणाला आमच्याकडून पाचपैकी पाच.

बुजरं आणि रानटी यांत फरक आहे. पिल्लू साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांच्या हातात वाढलं तर माणूस त्याच्या जगाचा भाग होतो. ती वेळ गोदामात किंवा गच्चीवर गेली असेल तर मोठेपणी ते माणसाला शिकारी प्राणीच समजतं. अशी मोठी रानटी मांजरं नसबंदी करून, लस देऊन पुन्हा त्यांच्या जागी सोडणंच योग्य. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर नसबंदी झाली आहे एवढंच समजायचं, रानटी असल्याचा तो पुरावा नाही. ज्या मांजराने पूर्वी कधी माणसावर विश्वास टाकलेला आहे आणि जे मालक घर बदलून गेल्याने किंवा अपघातामुळे शेल्टरला आलं, ते पिंजऱ्यात रानट्यासारखंच वागू शकतं. हा फरक ओळखणारा माणूस शेल्टरमध्ये आहे का, यावर सेवेचा अर्धा दर्जा ठरतो.

शेल्टर आणि फॉस्टर यांत निवड करायची झाली तर बुजऱ्या मांजरासाठी फॉस्टर बरं. ज्याच्या घरी ते महिना-दोन महिने राहिलं आहे, त्याला ते मिक्सरच्या आवाजाला काय करतं, लिटर कुठलं वापरतं, हे ठाऊक असतं. दोन मांजरांची जोडी असेल आणि त्यातलं एक धीट असेल तर जोडी घ्या. बुजरं मांजर माणसाकडे बघून जेवढं शिकतं त्यापेक्षा धीट मांजराकडे बघून लवकर शिकतं.

कागदपत्रं आणि तब्येत

फॉर्म, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, भाड्याच्या घरात घरमालकाची संमती, खिडक्यांचे फोटो आणि कधी कधी घरभेट, हा सगळा प्रकार काहींना 'मुलगी बघायला आल्यासारखा' वाटतो. वाटू दे. जे शेल्टर खिडक्यांचे फोटो न मागता मांजर देतं, ते मांजर परत घेतानाही असंच ढिलं असतं.

हातात यायलाच हवं ते असं: लसीकरणाचं पुस्तक, जंताच्या औषधाच्या तारखा, नसबंदीचा दाखला किंवा वय कमी असल्यास नसबंदी करण्याची करारातली अट, आणि एफआयव्ही-एफईएलव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारे दोन विषाणू) चाचणीचा निकाल. सहा महिन्यांखालच्या पिल्लाची एफआयव्ही चाचणी आईच्या प्रतिपिंडांमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, ती नंतर पुन्हा करायची. लस म्हणजे तिहेरी, तीन विषाणूंवरची: पॅनल्युकोपेनिया, कॅलिसि आणि हर्पिस. मोठ्या मांजराला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पिल्लाला आठव्या-नवव्या आठवड्यापासून सुरुवात, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर. रेबीज तीन महिन्यांनंतर. 'एक लस झाली आहे' याचा अर्थ 'लसीकरण झालं आहे' असा नाही. शेल्टरच्या कागदांत इथेच सगळ्यात जास्त घोळ असतो.

घरात आधीच मांजर असेल तर नव्याला चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं. पॅनल्युकोपेनियाची लक्षणं बहुधा दहा दिवसांच्या आत दिसतात, पण विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो. तो साध्या साबणाने जात नाही आणि फिनाईलच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. एक भाग घरगुती ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग स्वच्छ पाण्याने धुवायचं.

फिनाईलबद्दल आणखी एक गोष्ट. काळं फिनाईल आणि फिनॉल असलेली जंतुनाशकं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. पुसलेल्या लादीवरून चालून पंजे चाटले की विष पोटात. मांजर येण्याच्या आठवडाभर आधीच घरातलं फिनाईल बंद करा आणि कामाला येणाऱ्या मावशींना कारण नीट समजावून सांगा. त्यांना ते पटलं नाही तर तुमच्या माघारी बाटली पुन्हा बादलीत उतरते.

कॅरिअर: इथे काटकसर नको

भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, चेन असलेली कापडी पिशवी, पाठीवरची पारदर्शक घुमटाची बॅग आणि कडक प्लास्टिकचा कॅरिअर असे चार पर्याय लोक वापरतात. बुजऱ्या मांजरासाठी फक्त चौथा. खोका मुतून ओला झाला की तळ फाटतो, आणि रिक्षाला दारं नसतात. कापडी पिशवीची चेन घाबरलेलं मांजर नाकाने ढकलून उघडतं. घुमटाच्या बॅगेत लपायला जागाच नसते, उन्हात आतली हवा तापते, आणि मांजर चहूबाजूंनी उघडं पडतं. फोटो छान येतात एवढंच तिचं कौतुक.

कडक कॅरिअर घेताना वरूनही उघडणारा घ्या, म्हणजे दवाखान्यात मांजराला ओढून काढावं लागत नाही, वरचा अर्धा भाग काढून तपासता येतं. चार किलोच्या मांजराला आतून साधारण 45 ते 50 सेंटिमीटर लांबी पुरते. दाराची खिट्टी स्टीलची असावी, आणि दोन्ही अर्ध्या भागांना जोडणाऱ्या क्लिप घरी येताच हलवून बघाव्या. प्लास्टिकच्या क्लिप ऐनवेळी निसटतात, म्हणून दोन ठिकाणी केबल टाय बांधून टाका.

आत जुना पंचा, बाहेरून पातळ चादर, समोरची बाजू अर्धवट झाकलेली. रिक्षात कॅरिअर मांडीवर, दार स्वतःच्या पोटाकडे. शेल्टरमधून निघताना पिंजऱ्यातलंच एखादं फडकं आणि मूठभर वापरलेलं लिटर पिशवीत मागून घ्या. हे फुकट आहे आणि पहिल्या रात्री दुकानातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर ते उष्णतेने किंवा अतिताणाने. गाडी थांबवा, वारा द्या, आणि थांबलं नाही तर घराऐवजी दवाखाना. प्रवासासाठी गॅबापेन्टिनसारखं औषध पशुवैद्य देऊ शकतात, पण ते त्यांनी ठरवलेल्या मात्रेतच.

दिवस निवडताना पंचांग नाही, कॅलेंडर बघा. दिवाळीच्या आधीचे दहा दिवस आणि गणपतीत खाली मंडप असलेली इमारत, हे टाळाच. शुक्रवारी संध्याकाळी मांजर आणलं तर शनिवार-रविवार घरात कुणीतरी असतं. पण त्या दोन दिवसांत नातेवाईक 'मांजर बघायला' बोलवायचे नाहीत.

खिडकीची जाळी

पूर्ण खर्चातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात आधीचा आकडा हाच. 'मांजर कितव्याही मजल्यावरून पडलं तरी पायांवर पडतं' यावर विसंबणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कमधल्या दोन पशुवैद्यांनी 1987 मध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातली नव्वद टक्के उपचारांनी वाचली हे खरं, पण ही दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती. जी खालीच संपली ती त्या हिशेबात नव्हती. आणि वाचलेल्यांचे जबडे, छाती, पाय मोडले होतेच.

आपल्याकडचं नेहमीचं ग्रिल मांजराला अडवत नाही, त्याच्या पट्ट्यांमधून मोठं मांजर सहज जातं. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी अर्धीमुर्धी सोय. डोळा 3 सेंटिमीटरच्या आसपासचा असेल, दोर जाड असेल आणि ती हुकांवर ताणून बसवली असेल तर मोठ्या मांजराला पुरते. 5 सेंटिमीटरच्या डोळ्यातून लहान पिल्लू निघतं. नायलॉन दाताने कुरतडता येतं आणि उन्हाने दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं, म्हणून दर पावसाळ्याआधी हाताने ओढून बघायचं. स्वयंपाकघर आणि मांजराची मुख्य खिडकी एवढ्यापुरती तरी स्टीलची जाळी लावून घ्या. सरकत्या खिडकीची मच्छरजाळी ही जाळी नव्हे. फायबरची असेल तर नखाने फाटते आणि तिची चौकट मांजर पंजाने बाजूला सरकवतं.

बसवणारा माणूस हमखास विसरतो त्या जागा: संडासाच्या खिडकीतल्या तिरक्या काचा, एक्झॉस्ट फॅनचं भोक, एसीच्या पाइपची फट, आणि सुकवणीच्या बाल्कनीत ग्रिल व भिंत यांतली बोटभर वाटणारी पण प्रत्यक्षात चार इंची जागा. संडासाच्या खिडकीतून मांजर डक्टमध्ये पडतं. जुन्या इमारतींच्या डक्टमध्ये खाली उतरायला बहुधा दारही नसतं.

एक खोली, आणि तीही अर्धी बंद

बुजऱ्या मांजराला पहिल्या दिवशी अख्खं घर दाखवणं ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की शेल्टरांनी ती करारातच छापावी. एक खोली, दार बंद. वन-बीएचकेत बेडरूम. तेही जमत नसेल तर हॉलचा कोपरा पार्टिशनने किंवा मोठ्या घडीच्या पिंजऱ्याने वेगळा करा. पिंजरा किमान 90 सेंटिमीटर लांब हवा, म्हणजे एका टोकाला लिटर आणि दुसऱ्या टोकाला खाणं मावतं. वर चादर.

मांजर आणण्याआधी खोलीतल्या वाईट लपणाच्या जागा बुजवायच्या आणि चांगल्या तयार ठेवायच्या. वाईट म्हणजे जिथून तुम्ही त्याला काढू शकत नाही: बॉक्स बेडच्या फळीखालची पोकळी, सोफ्याच्या तळाचं फाटलेलं कापड, कपाटामागची फट, माळा, फ्रिजचा कॉम्प्रेसर, वॉशिंग मशीनचा ड्रम. हायड्रॉलिक बेड उघडण्याआधी मांजर कुठे आहे ते बघणं हा त्या घराचा नियमच व्हायला हवा. चांगली जागा म्हणजे दोन बाजूंना भोकं असलेला खोका, आडवा ठेवलेला, वरून जुनी साडी किंवा चादर टाकलेली. एक जमिनीवर, एक टेबलाच्या उंचीवर. भोकं दोन हवीत, कारण एकच वाट असेल तर कोंडीत सापडल्यासारखं वाटून ते फुत्कारतं.

बाजारात मिळणारी लोकरी गुहेसारखी घरं दिसायला सुबक, पण मुंबईच्या दमटपणात मांजर त्यांत क्वचितच शिरतं आणि मुतलं तर ती धुऊन दोन दिवस वाळत नाहीत. खोका ओला झाला की फेकता येतो. खोक्याला पाच, गुहेला दोन.

लिटर

तीन गोष्टींवर भागतं: मोठा उघडा ट्रे, पुरेसा जाड थर, वास नसलेलं लिटर. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट. पेट शॉपमधले छोटे ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात, झाकणवाले बुजऱ्या मांजराला पिंजऱ्यासारखे वाटतात. पलंगाखाली ठेवायचा साठवणीचा प्लास्टिक टब, साधारण 60 बाय 40 सेंटिमीटरचा, एका बाजूची कड थोडी कापून, हा आमच्या मते सगळ्यात चांगला ट्रे. पिल्लासाठी गवंड्याचं प्लास्टिकचं घमेलंही चालतं.

थर 5 ते 7 सेंटिमीटर हवा. इथे हिशेब चुकतो. 5 किलो बेंटोनाइटची (मातीच्या लिटरची) पिशवी एवढ्या टबात जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. मांजर खणतं, नख प्लास्टिकला लागतं, त्याला ते आवडत नाही आणि ते गादीवर जातं. सुरुवातीलाच दोन पिशव्या आणा, मग रोज दोनदा गोळे काढून थर पुन्हा भरत राहा.

बेंटोनाइट, लाकडाच्या गोळ्या की टोफू? रस्त्यावरून आलेल्या मांजराला बेंटोनाइट लगेच समजतं, कारण ते मातीसारखं लागतं. लाकडाच्या गोळ्या स्वस्त आणि हलक्या, पण पायाला टोचतात, बुजरं मांजर त्यावर उभं राहायला कचरतं. टोफू (सोयाबीनच्या चोथ्याचं लिटर) संडासात टाकता येतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण जुन्या इमारतींच्या पाइपांवर हा प्रयोग करू नका. पावसाळ्यात उघडं पाकीट दमटपणाने खराब होतं. मांजर कुठल्याच लिटरला शिवत नसेल तर चाळलेली स्वच्छ वाळू अर्धी मिसळा, आणि आठवड्याला थोडी कमी करत जा. तीन-चार महिन्यांखालच्या पिल्लाला गोळे होणारं लिटर नको, ती ते खातात.

लॅव्हेंडर, लिंबू, बेबी पावडर असल्या सुगंधाचं लिटर माणसाच्या नाकासाठी असतं. बाहेर मुतणं सुरू झालं की आधी सुगंध, मग जागा तपासा: ट्रे वॉशिंग मशीनशेजारी आहे का, खाण्याच्या वाटीला लागून आहे का, तिथे पोचायला मांजराला माणसांसमोरून जावं लागतं का. मुतलेली जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा क्लीनर त्याला 'इथेच करायचं' असं सांगतो.

खाणं

पहिला आठवडा शेल्टरमध्ये जे खात होतं तेच, ब्रँडसकट. बदल करायचाच असेल तर नंतर सात ते दहा दिवसांत हळूहळू. नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 किलोकॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं खाणं 50 ते 60 ग्रॅम. 85 ग्रॅमचं ओलं पाऊच जोडलं तर कोरडं त्या प्रमाणात कमी करा. ओल्या खाण्याचा खरा फायदा पाण्याचा. घाबरलेलं मांजर पाणी कमी पितं आणि ताणाने मूत्राशय सुजण्याचा धोका बोक्यांत जास्त असतो.

नुसतं उकडलेलं चिकन आठवडाभर ठीक, कायमचं नाही, त्यात कॅल्शियम नसतं आणि शिजवून पाणी टाकलं की टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्यही जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगतं, हे 1987 मध्ये सिद्ध झालं. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, बालगीतं काहीही सांगोत. कांदा-लसणाचा रस्सा विषारी.

लालूच म्हणून मात्र आपल्या स्वयंपाकघरात उत्तम वस्तू आहे. बिनमिठाचा सुका जवळा चिमूटभर कुस्करून खाण्यावर टाका, त्याच्या वासाने दोन दिवस न खाल्लेलं मांजरही डोकं बाहेर काढतं. खारवलेला बांगडा नको. चाटायच्या ट्रीटच्या नळ्या महाग असल्या तरी बुजऱ्यासाठी त्या पैसे वसूल आहेत, कारण त्या लांब दांड्याच्या चमच्यावर लावून अंतर राखून देता येतात.

फेरोमोन, घंटा आणि इतर

फेलिवेचा प्लग, म्हणजे मांजराला धीर देणाऱ्या गंधद्रव्याचं (फेरोमोनचं) विजेवर चालणारं यंत्र: 48 मिलिलिटरची बाटली सुमारे 30 दिवस, 50 ते 70 चौरस मीटरला. आपली खोली 12 चौरस मीटर, तेव्हा ताकद भरपूर. संशोधन मात्र संमिश्र, काही मांजरांवर परिणाम दिसतो, काहींवर शून्य. घ्यायचा असेल तर मांजर येण्याच्या दोन दिवस आधी लावा, पलंगाखाली किंवा पडद्यामागे नाही. खोका, बंद दार आणि वेळ यांच्या ऐवजी तो घेत असाल तर पैसे वाया. पाचपैकी तीन.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा जुना प्रश्न आहे. आमचं उत्तर: कोणीच नाही. सतत वाजणारी घंटा बुजऱ्याला आणखी बुजवते. पट्टा घालायचाच तर ओढला की सुटणारा, त्यावर फोन नंबर.

लेझर टाळा, मांजराच्या हाती काहीच लागत नाही आणि ते चिडतं. काठीला दोरी आणि पिसं हे खरं खेळणं, कारण काठीमुळे माणूस लांब राहतो. खेळून झालं की दोरी कपाटात. मांजर दोरी गिळतं आणि मग पोट फाडावं लागतं.

माणसाळवण्याचा क्रम

पहिले तीन दिवस खोलीत जायचं ते खाणं ठेवायला आणि ट्रे साफ करायला. वाकून खोक्यात डोकावायचं नाही. चौथ्या दिवसापासून दिवसातून दोनदा वीस मिनिटं जमिनीवर, मांजराकडे बाजू करून बसायचं, वर्तमानपत्र हळू आवाजात वाचायचं. खाण्याची वाटी खोक्यापासून हातभर अंतरावर, रोज तुमच्या दिशेने एक वीत. मांजर खायचं थांबलं तर तुम्ही घाई केलीत, वाटी दोन विती मागे. नजर भिडली तर डोळे हळूच मिटून उघडा. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की अशा संथ उघडझापीला मांजरं तशीच दाद देतात आणि तसं करणाऱ्या अनोळखी माणसाजवळ जास्त जातात.

मग चमच्यावर ट्रीट, मग बोटावर. पहिला स्पर्श मांजराने करायचा: बोट नाकाच्या उंचीवर स्थिर धरा, गाल घासला तर तीन सेकंद गालावर खाजवा आणि थांबा. पुन्हा आलं तर पुन्हा. डोक्यावरून हात आणायचा नाही, पोटाला तर नाहीच. शेपटीचं टोक फटकारायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले, की त्या दिवसाचं काम संपलं.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने हा नव्या घरात रुळण्याचा शेल्टरवाल्यांचा ठरलेला हिशेब सरासरी मांजराचा आहे. बुजऱ्याला सहा महिने लागले तर ते उशिरा नाही. ज्या गोष्टीमुळे सगळं मागे जातं ती एकच, पलंगाखालून ओढून काढणं. दवाखान्यात न्यायचं असेल तर खोक्याऐवजी कॅरिअरच खोलीत उघडा ठेवा, त्यातच खाऊ द्या, मग दार लावणं सोपं जातं.

लगेच फोन कधी करायचा

चोवीस तास काहीही न खाल्लं तर पशुवैद्याला फोन, अठ्ठेचाळीस तास झाले तर प्रत्यक्ष भेट. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठू लागते. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाही, हे रात्री दोनलाही दवाखान्यात न्यायचं कारण आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं पर्मेथ्रिनवालं औषध तसंच. गुच्छातली लिली घरात नकोच.

आणि ते निसटलंच तर लांब धावू नका. हरवलेल्या आणि नंतर सापडलेल्या मांजरांचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात सापडलेल्यांपैकी पाऊण मांजरं पाचशे मीटरच्या आत होती. बुजरं मांजर त्याहूनही जवळ दडतं: मीटर रूम, पंप रूम, जिन्याखालचं भंगार, उभ्या गाड्यांखाली. हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री एकनंतर, रहदारी थांबल्यावर, टॉर्च जमिनीलगत धरून डोळ्यांची चमक शोधा. वॉचमनला फोटो द्या, दरवाज्याबाहेर त्याचाच वापरलेला पंचा ठेवा. शेल्टरला त्याच रात्री कळवा. चांगल्या शेल्टरकडे पकडायचा पिंजरा असतो आणि तो कसा लावायचा हे सांगणारा माणूसही. मांजर घेतानाच हे दोन्ही आहेत का ते विचारून ठेवा, आणि त्या माणसाचा नंबर कराराच्या मागच्या पानावर लिहून घ्या.